शेततळ्याचं पाणी मेअखेरपर्यंत पुरेल का? गोल फिरणारा हिशेब कॉम्प्युटरवर असा मांडा

बीड जिल्ह्यात फेब्रुवारी लागला की शेतकरी कुटुंबात एकच विषय असतो. शेततळ्यात किती पाणी उरलंय आणि ते पाऊस येईपर्यंत पुरेल का? आष्टी, पाटोदा, शिरूर कासार या भागात तर याच प्रश्नावर वर्षाचं नियोजन ठरतं. नवीन बाग लावायची का? लावली तर किती झाडं? शेळ्या ठेवायच्या की विकायच्या? घरातल्या कुणाला ऊसतोडीला पाठवायचं का?

या प्रश्नाचं उत्तर बहुतेक घरांत अंदाजाने दिलं जातं. ‘मागच्या वर्षी पुरलं होतं, यंदाही पुरेल.’ पण आता अनेक घरांत इंजिनिअरिंग, बीएस्सी किंवा कृषी पदविका शिकणारी मुलं-मुली आहेत. घरात लॅपटॉप आहे, निदान मोबाइलमध्ये शीट उघडता येते. अब्बांनी प्रश्न विचारला तर त्यांना आकड्यात उत्तर देता आलं पाहिजे. हिशेब फार अवघड नाही. मात्र त्यात एक अडचण अशी आहे की अनेक जण तिथेच थांबतात. हिशेब गोल फिरतो. पहिला आकडा काढायला दुसरा लागतो आणि दुसरा काढायला पहिला. कॉम्प्युटर ‘सर्क्युलर रेफरन्स’ अशी तक्रार करतो आणि आपण फाइल बंद करतो.

हा गोल हिशेब नेमका काय असतो, तो शीटमध्ये आणि मोठ्या सिम्युलेशन सॉफ्टवेअरमध्ये कसा बसवायचा आणि तो कुठे फसवतो, ते या लेखात क्रमाने पाहू.

आधी दुकानातलं उदाहरण

समजा, कापडाच्या दुकानात या वर्षी १,१०,००० रुपये नफा झाला. दुकान सांभाळणाऱ्याशी बोली अशी आहे की त्याचं कमिशन वजा करून जो नफा उरेल, त्याच्या १० टक्के त्याला द्यायचे. आता कमिशन काढायला उरलेला नफा हवा आणि उरलेला नफा काढायला कमिशन हवं. झाला ना गोल?

यातून सुटायचा सोपा मार्ग म्हणजे एक आकडा धरून चालायचं आणि तो सुधारत जायचं. आधी कमिशन शून्य धरा. उरलेला नफा १,१०,०००, म्हणजे कमिशन ११,०००. आता ११,००० वजा करा. उरले ९९,०००, म्हणजे कमिशन ९,९००. पुन्हा तेच केलं की १०,०१० येतात. पुन्हा केलं की ९,९९९. पाचव्या फेरीत १०,००० रुपये १० पैसे. आकडा १०,००० वर येऊन थांबला. ताळा करून पाहा. १,१०,००० मधून १०,००० गेले, उरले १,००,०००, त्याचे १० टक्के १०,०००. हिशेब जुळला.

गोल हिशेबाची रीत एवढीच. अंदाज धरा, गणित करा, आलेलं उत्तर पुन्हा आत घाला, आणि दोन फेऱ्यांमधला फरक नगण्य झाला की थांबा. कॉम्प्युटरच्या भाषेत याला ‘इटरेशन’ म्हणतात, मराठीत पुनरावर्तन. फेऱ्या जिथे थांबतात ते उत्तर, आणि अशा थांबण्याला ‘कन्व्हर्जन्स’ म्हणतात. मात्र प्रत्येक गोल हिशेब थांबतोच असं नाही. याच उदाहरणात १० ऐवजी १५० टक्के घालून पाहा, आकडे प्रत्येक फेरीत अधिकच दूर पळतील.

ही रीत नवी नाही

पंधराव्या शतकात समरकंदमध्ये उलुग बेग यांच्या वेधशाळेत काम करणारे गणितज्ञ जमशेद अल-काशी (मृत्यू १४२९) यांच्यासमोर असाच पेच होता. आकाशाच्या गणितासाठी त्यांना १ अंशाच्या कोनाची साइन अगदी बारकाईने हवी होती. ३ अंशांची साइन भूमितीने काढता येत होती, १ अंशाची येत नव्हती. दोघांना जोडणारं समीकरण मांडलं की अज्ञात आकडा दोन्ही बाजूंना येतो. त्यांनी एक आकडा धरला, समीकरणात घातला, सुधारलेला आकडा पुन्हा घातला. आजच्या दशांश पद्धतीत करून पाहिलं तर ०.०१७४४५३ पासून सुरुवात केल्यावर पहिल्याच फेरीत ०.०१७४५२४ मिळतं, म्हणजे सात दशांश स्थळांपर्यंत बरोबर उत्तर. अशा पायरी-पायरीने चालणाऱ्या रीतीला आपण आज ‘अल्गोरिदम’ म्हणतो आणि तो शब्दही नवव्या शतकात बगदादमध्ये काम करणाऱ्या अल-ख्वारिज्मी यांच्या नावावरून आला.

निसर्गही असे फेरे घेतच असतो. बीडजवळची खजाना विहीर आपल्यापैकी अनेकांनी पाहिली आहे. सोळाव्या शतकात, निजामशाहीच्या काळात सलाबत खान यांनी ती बांधून घेतली. जमिनीखालच्या बोगद्यांतून पाणी खेळवणारी ही विहीर तिच्या स्थिर पातळीसाठी ओळखली जाते. अशा कोणत्याही रचनेत पातळी वाढली की बाहेर जाणारं पाणी वाढतं आणि बाहेर जाणारं पाणी वाढलं की पातळी उतरते. दोघं एकमेकांना सावरत एका जागी येतात. सॉफ्टवेअरमधला लूप हाच तोल आकड्यांत शोधतो.

शेततळ्यात गोल कुठे आहे?

राज्य सरकारने २०१६ मध्ये ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आणली. त्यातलं सर्वात मोठं माप होतं ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद आणि ३ मीटर खोल. बाजूंचा उतार एकास एक धरला तर तळ २४ बाय २४ मीटरचा होतो आणि काठोकाठ भरल्यावर त्यात २,१९६ घनमीटर, म्हणजे जवळपास २२ लाख लिटर पाणी मावतं. आपण हेच माप घेऊ. कागद टाकलेलं शेततळं आहे असं समजू, म्हणजे पाझर धरायला नको.

१ फेब्रुवारीला अडीच मीटर पाणी आहे. तो साठा १,७६१ घनमीटर होतो. तळाशी अर्धा मीटर पाणी राखायचं, कारण कागद उघडा पडून उन्हात तापू नये आणि मोटारीने गाळ ओढू नये. हे राखीव पाणी ३०० घनमीटर. मग वापरायला राहिलं १,४६१ घनमीटर. १ फेब्रुवारी ते ३१ मे हे १२० दिवस. साधा भागाकार केला तर रोज १२.१७ घनमीटर, म्हणजे १२,१७० लिटर उपसता येईल. एका लहान झाडाला रोज २० लिटर धरले तर सहाशे झाडं.

बहुतेक ठिकाणी हिशेब इथेच संपतो, आणि चूकही इथेच होते. ऊन रोज आपला वाटा घेतं, तो यात धरलेलाच नाही. उदाहरणापुरते आकडे घेऊ. उघड्या पाण्यातून फेब्रुवारीत रोज ६ मिलिमीटर, मार्चमध्ये ८, एप्रिलमध्ये १० आणि मेमध्ये १२ मिलिमीटर पाणी उडतं असं धरू. हिशेब सोपा राहावा म्हणून प्रत्येक महिना ३० दिवसांचा मानू. म्हणजे चार महिन्यांत अनुक्रमे १८, २४, ३० आणि ३६ सेंटिमीटर.

आता गोल पाहा. महिन्यात किती घनमीटर पाणी उडालं हे काढायला पाण्याच्या पृष्ठभागाचं सरासरी क्षेत्रफळ हवं. शेततळं खाली निमुळतं असतं, त्यामुळे पाणी उतरलं की क्षेत्रफळ कमी होतं. सरासरी काढायला महिन्याच्या शेवटचं क्षेत्रफळ हवं. ते काढायला शेवटचा साठा हवा. आणि शेवटचा साठा काढायला किती पाणी उडालं ते हवं. जिथून निघालो तिथेच परत आलो.

एक महिना हाताने करून पाहू

एप्रिलच्या सुरुवातीला साठा १,०६९ घनमीटर आणि क्षेत्रफळ ७४२.६ चौरस मीटर आहे. रोज ६ घनमीटर उपसा, म्हणजे महिन्याचे १८०. बाष्पीभवन ०.३ मीटर.

साठ्यावरून क्षेत्रफळ काढायचं सूत्र या मापाच्या शेततळ्यासाठी असं आहे: साठ्याला ६ ने गुणा, त्यात १३,८२४ (२४ चा घन) मिळवा, आलेल्या आकड्याचं घनमूळ काढा. ही झाली पाण्याच्या चौकोनाची बाजू. तिचा वर्ग म्हणजे क्षेत्रफळ.

पहिली फेरी: शेवटचं क्षेत्रफळ सुरुवातीइतकंच, ७४२.६ धरू. उडालेलं पाणी २२२.८. शेवटचा साठा ६६६.२. त्यावरून क्षेत्रफळ ६८२.३.

दुसरी फेरी: सुरुवात आणि शेवट यांची सरासरी ७१२.५. उडालेलं पाणी २१३.७. साठा ६७५.३. क्षेत्रफळ ६८३.७.

तिसरी फेरी: सरासरी ७१३.१. उडालेलं पाणी २१३.९. साठा ६७५.१. क्षेत्रफळ ६८३.६.

चौथी फेरी: तेच आकडे. थांबा.

तीन फेऱ्यांत काम झालं. पहिल्या अंदाजात आणि शेवटच्या उत्तरात सुमारे ९ घनमीटरचा, म्हणजे दीड दिवसाच्या उपशाचा फरक निघाला. शेततळं लहान आहे म्हणून फरकही लहान. पसरट, उथळ पाझर तलावात पाणी थोडं उतरलं की क्षेत्रफळ झपाट्याने आटतं. तिथे पहिल्या अंदाजावर विसंबलात तर चूक खूप मोठी होते.

शीटमध्ये कसं बसवायचं?

प्रत्येक महिन्याला एक ओळ द्या. रकाने असे करा: सुरुवातीचा साठा, सुरुवातीचं क्षेत्रफळ, महिन्याचा उपसा, बाष्पीभवनाची खोली, शेवटचं क्षेत्रफळ, सरासरी क्षेत्रफळ, उडालेलं पाणी, शेवटचा साठा. एका महिन्याचा शेवटचा साठा हा पुढच्या महिन्याचा सुरुवातीचा साठा. रोजचा उपसा मात्र वर एकाच घरात लिहा आणि सगळ्या ओळी त्यालाच जोडा. म्हणजे तो एक आकडा बदलला की पूर्ण शीट बदलेल.

‘शेवटचं क्षेत्रफळ’ हा रकाना ‘शेवटचा साठा’ या रकान्याला जोडला की कॉम्प्युटर तक्रार करेल. त्याला फेऱ्या मारायची परवानगी द्यावी लागते. एक्सेलमध्ये ‘फाइल’, मग ‘ऑप्शन्स’, मग ‘फॉर्म्युलाज’मध्ये जाऊन ‘एनेबल इटरेटिव्ह कॅल्क्युलेशन’वर टिक करा. लिब्रेऑफिस फुकट मिळतं. त्यात ‘टूल्स’, ‘ऑप्शन्स’, ‘लिब्रेऑफिस कॅल्क’, ‘कॅल्क्युलेट’ या वाटेने ‘इटरेशन्स’ सापडेल. गूगल शीट्समध्ये ‘फाइल’, ‘सेटिंग्ज’, ‘कॅल्क्युलेशन’ इथे सोय आहे.

तिन्ही ठिकाणी दोन आकडे विचारले जातात. पहिला, जास्तीत जास्त किती फेऱ्या मारायच्या. दुसरा, दोन फेऱ्यांत किती फरक उरला की थांबायचं. एक्सेलमध्ये हे आकडे मुळात १०० आणि ०.००१ असतात. आपल्या कामाला ते पुरेसे आहेत.

दुसरा मार्ग मला जास्त आवडतो. तीन फेऱ्या पुरतात हे आपण पाहिलंच. मग गोल करायचाच कशाला? ‘फेरी १’, ‘फेरी २’, ‘फेरी ३’ असे रकाने शेजारी-शेजारी मांडा. फाइल लांब होते, पण प्रत्येक फेरी डोळ्यांना दिसते, कुठेही तक्रार येत नाही आणि मोबाइलवरही चालते.

तिसरा मार्ग म्हणजे पाऊल लहान करणं. महिन्याऐवजी रोजची एक ओळ करा, म्हणजे १२० ओळी. सकाळचं क्षेत्रफळ धरून दिवसाचं बाष्पीभवन काढा. एका दिवसात पाणी सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरच उतरतं, त्यामुळे सकाळ-संध्याकाळच्या क्षेत्रफळात नाममात्र फरक राहतो. आजचा हिशेब कालच्या साठ्यावर चालतो आणि गोल आपोआप सुटतो.

मोठ्या सॉफ्टवेअरमध्येही याच वाटा आहेत. व्हेनसिम, स्टेला यांसारख्या सॉफ्टवेअरमध्ये ‘स्टॉक’ म्हणजे साठा आधीच्या क्षणाची किंमत लक्षात ठेवतो, म्हणून गोल सुटतो. मध्ये कुठेच साठा नसेल तर ते मॉडेल चालवायला नकार देतात. पाण्याच्या कामात वापरलं जाणारं गोल्डसिम दोन्ही सोयी देतं. ‘प्रीव्हियस व्हॅल्यू’ने मागची किंमत घेता येते, किंवा ‘लूपिंग कंटेनर’मध्ये हिशेब ठेवून अट पूर्ण होईपर्यंत एकाच पावलात फेऱ्या मारता येतात. कॉलेजमध्ये हे सॉफ्टवेअर समोर आलं तर घाबरू नका, आत कापड दुकानाच्या कमिशनचाच हिशेब आहे.

बाहेरचा लूप: रोज किती उपसायचं?

आतापर्यंत उपसा आपण धरून चाललो. खरा प्रश्न उलटा आहे. मेअखेरीस बरोबर ३०० घनमीटर उरावं, तर रोज किती उपसायचं? इथे दुसरा, बाहेरचा लूप लागतो. उपसा धरा, चारही महिने चालवा, शेवटचा साठा पाहा, उपसा सुधारा.

रोज ६ घनमीटर घालून पाहिलं तर मेअखेरीस २६१ घनमीटर उरतं. कमी पडलं. ५ घातलं तर ३७० उरतं. जास्त झालं. म्हणजे उपसा १ ने बदलला की शेवटचा साठा १०९ ने बदलतो. आपल्याला २६१ वरून ३०० वर जायचंय, म्हणून उपसा ०.३६ ने कमी करू. उत्तर ५.६४ घनमीटर, म्हणजे रोज सुमारे ५,६४० लिटर. एक्सेलमधलं ‘गोल सीक’ हेच काम एका बटणावर करतं. ते ‘डेटा’मध्ये ‘व्हॉट-इफ ॲनालिसिस’खाली आहे, लिब्रेऑफिसमध्ये ‘टूल्स’मध्ये.

आता दोन उत्तरं शेजारी ठेवा. साध्या भागाकाराने १२,१७० लिटर, गोल हिशेबाने ५,६४० लिटर. निम्म्याहूनही कमी. सहाशे झाडांऐवजी साधारण २८० झाडं. या चार महिन्यांत झाडांना मिळतं सुमारे ६.७७ लाख लिटर आणि ऊन घेऊन जातं सुमारे ७.८४ लाख लिटर.

आणि सहाशे झाडं लावलीच तर? तेच मॉडेल १२.१७ वर चालवा. फेब्रुवारीअखेर १,२५१ घनमीटर, मार्चअखेर ७११, आणि एप्रिलच्या २२ तारखेच्या आसपास राखीव पाण्याला हात लागतो. पुढे सगळा मे शिल्लक, झाडं लावून झालेली आणि टँकरचा खर्च समोर.

७.८४ लाख लिटर म्हणजे किती? एप्रिल २०१६ मध्ये मांजरा धरण कोरडं पडल्यावर लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं होतं. हे धरण आपल्याच जिल्ह्यात, केज तालुक्यात धनेगावला आहे. पहिल्या गाडीत दहा वाघिणी होत्या आणि पाणी होतं सुमारे ५ लाख लिटर. आपल्या एका शेततळ्यातून चार महिन्यांत त्या गाडीच्या दीडपट पाणी उडून जातं.

मॉडेल आणखी काय सांगतं?

एकदा शीट तयार झाली की ती फुकटचा सल्लागार होते. उदाहरणार्थ, अर्धं शेततळं झाकलं आणि बाष्पीभवन निम्म्यावर आलं तर? बाष्पीभवनाचे आकडे निम्मे करा आणि पुन्हा चालवा. रोजचा उपसा ५,६४० वरून सुमारे ८,९०० लिटरवर जातो. शेडनेटचा खर्च आणि जास्तीच्या दीडशेहून अधिक झाडांचं उत्पन्न यांची तुलना मग कागदावर करता येते.

आणखी एक गोष्ट. रोज ६ ऐवजी ५ घनमीटर उपसलं तर १२० दिवसांत १२० घनमीटर वाचायला हवं. पण शेवटी १०९ च जास्त उरतं. उरलेलं ११ घनमीटर कुठे गेलं? वाचवलेल्या पाण्याने पृष्ठभाग मोठा ठेवला आणि तो हिस्सा उडून गेला. म्हणजे उघड्यावर साठवलेलं पाणी पूर्ण आपलं नसतं. जे पाणी आधी वापरता येण्यासारखं आहे, ते उगाच मेसाठी धरून ठेवण्यात तोटा आहे.

इथे सावध राहा

पहिला धोका एककांचा. थांबण्याची अट ०.००१ ठेवली आणि साठा घनमीटरमध्ये असेल तर चूक एका लिटरची. पण धरणासाठी साठा दशलक्ष घनमीटरमध्ये लिहिला तर तीच अट म्हणजे १,००० घनमीटर, १० लाख लिटर! कॉम्प्युटर तितका फरक ठेवून खुशाल थांबेल.

दुसरा, फेऱ्या संपल्या म्हणजे उत्तर सापडलं असं नाही. १०० फेऱ्यांत आकडा स्थिर झाला नाही तरी एक्सेल शेवटचा आकडा दाखवून गप्प बसतं. म्हणून एक तपासणीचा रकाना हवाच: सुरुवातीचा साठा, वजा उपसा, वजा उडालेलं पाणी, वजा शेवटचा साठा. उत्तर शून्याच्या जवळ यायला हवं.

तिसरा, आकडे वर-खाली उड्या मारत असतील तर नवं उत्तर पूर्ण न घेता अर्धं जुनं आणि अर्धं नवं घ्या. बहुतेक वेळा हिशेब शांत होतो.

चौथा, एकदा चुकीचा आकडा आत गेला आणि घरात एररचा शेरा आला, की तो शेरा गोल फिरत राहतो. आकडा दुरुस्त केला तरी जात नाही. यासाठी एक स्विच ठेवा. एका घरात ० किंवा १ लिहायचं. ० असेल तर शेवटचं क्षेत्रफळ सुरुवातीइतकं धरायचं, १ असेल तर लूप चालू. अडकलं की ० करा, पुन्हा १ करा.

पाचवा, सूत्राला शेततळं रिकामं झाल्याचं कळत नाही. साठा शून्याखाली गेला तरी ते उणे पाण्याचंही क्षेत्रफळ काढून देतं. साठा शून्याखाली जाऊ नये अशी अट घाला.

सहावा, परवानगी एकदा दिली की चुकून झालेला गोलही कॉम्प्युटर मुकाट्याने चालवतो. काम झालं की टिक काढून टाका.

आकडे आपल्या शेताचे घाला

इथले बाष्पीभवनाचे आकडे नमुन्याचे आहेत. तुमच्या शेतात वारा, ऊन, झाडांची सावली वेगळी असेल. खरा आकडा मिळवायचा सोपा उपाय म्हणजे शेततळ्यात सेंटिमीटरच्या खुणा केलेली काठी रोवा आणि मोटार बंद असलेल्या दिवसांत पाणी किती उतरतं ते लिहून ठेवा. पाऊस नसताना आणि उपसा नसताना जे उतरतं ते ऊन आणि पाझर या दोघांचं मिळून असतं, आणि मॉडेलला तेच हवं असतं. वेधशाळेत बाष्पीभवन पत्र्याच्या उथळ भांड्यात मोजतात. भांडं जास्त तापतं, म्हणून तो आकडा शेततळ्याला वापरताना साधारण ०.७ ने गुणतात. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाकडे किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात याबाबत विचारणा करता येईल.

उत्तरही एकच घेऊ नका. बाष्पीभवन १० टक्के जास्त धरून एकदा चालवा, पाऊस जूनअखेरीस आला असं धरून एकदा चालवा. तिन्ही उत्तरांत सर्वात लहान आकडा जो येईल, तेवढीच झाडं लावण्यात शहाणपण आहे. आपल्या जिल्ह्यात जूनचा पाऊस वेळेवर येईलच याचा भरवसा कुणी देत नाही.

हे काम घरातल्या शिकणाऱ्या मुला-मुलीचं एका सुट्टीच्या दिवसाचं आहे. शीट तयार झाली की तिची प्रिंट काढून मोटारीच्या पेटीजवळ लावा आणि दर जुम्म्याला काठीवरची पातळी तिच्याशी ताडून पाहा. पातळी कागदापेक्षा खाली असेल तर उपसा त्याच आठवड्यात कमी करा. फेब्रुवारीत कमी केलेले पाचशे लिटर झाडांना सोसतात. मेमध्ये सोसायला पाणीच उरत नाही.